मात्रा मोजायला घाबरू नकोस गं

आधी ते पेन खाली ठेव आणि माझं ऐक. ‘युद्धकवितेतील वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती यांचे विश्लेषण करा’ एवढी एक ओळ वाचून तुझा धीर सुटलाय, हे फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं मला. दिवसभर पोरांचं, सासूबाईंचं, दुकानाचं बघायचं आणि रात्री अकराला पुस्तक उघडायचं, त्यात समोर असा प्रश्न. धडकी भरणारच. लग्नात सुटलेलं शिक्षण मुक्त विद्यापीठातून पुन्हा धरलंस, हेच मुळात मोठं काम आहे. पण खरं सांगू का, तू ज्याला घाबरतेस ते काम तुझा कान लहानपणापासून करतोय. आरती म्हणताना कुणी एखादा शब्द जास्तीचा घुसवला की तुला लगेच खटकतं ना? शेजारणीकडे बघतेस ना, की हिचं काय चाललंय? तेच वृत्ताचं ज्ञान. आता फक्त जे खटकतं ते कागदावर कसं मांडायचं, एवढंच शिकायचंय.

कविता निवडण्यात वेळ घालवू नकोस. कुसुमाग्रजांची ‘सात’ घे. ‘विशाखा’ संग्रहातली, म्हणजे १९४२ सालच्या पुस्तकातली. तू ती गाणं म्हणून ऐकलेली आहेस, लताबाईंच्या आवाजात, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर, ‘शिवकल्याण राजा’मध्ये. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, त्याची कविता. प्रसंग थोडक्यात ध्यानात ठेव, कारण उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात तो लागेल. १६७३ साली उमराणीला प्रतापरावांनी बहलोलखानाला कोंडीत धरलं आणि मग जाऊ दिलं. शिवाजी महाराजांना ते मुळीच पटलं नाही, त्यांनी पत्रातून खरमरीत शब्दांत सुनावलं. तोच खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीजवळ, आताच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यात, सरनौबत प्रतापरावांनी फौजेची वाट न बघता घोडं घातलं आणि ते परत आले नाहीत. राज्याभिषेक तीन-साडेतीन महिन्यांवर आला होता गं. ही एवढी गोष्ट मनात धरून कविता वाच, मग मात्रांकडे ये.

आता मात्रा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. अनुस्वार जोरात उच्चारला तर दोन. जोडाक्षराचा धक्का आधीच्या अक्षराला बसला तर त्या आधीच्या अक्षराच्या दोन. ‘पत्र’ म्हणून बघ, ‘प’वर जोर येतो, म्हणून त्याच्या दोन. ‘तुझ्या’ म्हण, ‘तु’वर काही जोर येत नाही, म्हणून एकच. आणि बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गिळतो, तो मोजताना गिळायचा नाही. ‘वीर’मधल्या ‘र’ची एक मात्रा धरायची म्हणजे धरायचीच. नियम एवढेच. बाकीचं सगळं सरावानं येतं.

सराव तुझ्या गावाच्या नावापासूनच कर. मु-कुं-द-वा-डी. एक, दोन, एक, दोन, दोन. झाल्या आठ! मराठी कवितेतला सगळ्यात लाडका गट आठ मात्रांचाच, आणि तू तो रोज रिक्षावाल्याला सांगतेस. आता ही ओळ घे, मी तुझ्यासाठीच जुळवलीय: ‘बघ मुकुंदवाडी सोडुन गेली गाडी.’ ‘बघ’च्या दोन, ‘मुकुंदवाडी’च्या आठ, ‘सोडुन गेली’च्या आठ, ‘गाडी’च्या चार. एकूण बावीस. ‘सोडून’ न लिहिता ‘सोडुन’ लिहिलंय, दिसलं का? शुद्धलेखनात चूक, पण कवितेत मुभा. मात्रा बसवायला कवी दीर्घाचा ऱ्हस्व करतात आणि ऱ्हस्वाचा दीर्घही. मोठ्यानं म्हण आणि टाळी दे, पण पहिली टाळी ‘मु’वर. ‘बघ’ टाळीच्या आधी. मग ‘सो’वर, मग ‘गा’वर. पोरं झोपली असतील तर मांडीवर बोटानं ताल धर, तेही चालतं.

‘सात’ कवितेची प्रत्येक ओळ याच मापाची आहे. दोन, आठ, आठ, चार. मी सांगितलं म्हणून मानू नकोस, स्वतः मोज.

मात्र मोजताना पुस्तक समोर घे. मोबाइलवर सापडलेली कविता घेऊ नकोस, इथे मी ऐकणार नाही. अशा प्रतींत कुणीतरी चांगल्या मनानं शुद्धलेखन सुधारलेलं असतं. ‘अजुनि’चं ‘अजूनि’ होतं, ‘दिसतिल’चं ‘दिसतील’ होतं, ओळीत एक मात्रा वाढते आणि मोजणारीला वाटतं की आपलंच गणित कच्चं. तुझं गणित बरोबर असतं गं, प्रत चुकीची असते. औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानात ‘विशाखा’ सहज मिळेल, नाहीतर वाचनालयातून आण. गाण्यावरूनही मोजू नकोस. चालीत एकेक अक्षर लांबतं, तिथे मात्रा कवीच्या राहत नाहीत, संगीतकाराच्या होतात. गाणं जीव लावून ऐक, मोजताना बंद ठेव.

आता मुख्य मुद्दा. नुसतं ‘बावीस मात्रा’ लिहून थांबलीस तर अर्धेच मार्क पडतील, आणि ते रास्तच आहे. बावीस मात्रांनी काय साधलं ते सांगायचं असतं. बघ, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला त्या दोन मात्रा टाळीच्या आधी आहेत. झोक्यावर बसल्यावर आपण पुढे जाण्याआधी पाय रेटून किंचित मागे जातो ना, तसं काम त्या दोन मात्रा करतात. ओळ टाळीवर पडते ती मागून जोर घेऊन. याच्यासमोर गोविंदाग्रजांचा ‘पानपतचा फटका’ ठेव. युद्धाचाच विषय, १७६१ च्या पानिपताचा, गटही आठाचेच. पण तिथे ओळ पहिल्याच अक्षरापासून टाळीवर सुरू होते आणि आठ, आठ, आठ, सहा अशी लांब पळत जाते. त्यात सांगण्याचा, सुनावण्याचा आवेश आहे. ‘सात’मध्ये ओळ आखूड आणि आधी दम घेणारी. एक कविता मोठ्या सैन्याची, दुसरी मूठभर माणसांची. मापातला हा फरक तू दोन वाक्यांत लिहिलास तरी तपासणारा थांबून वाचेल.

‘वाचताना घोड्यांच्या टापा ऐकू येतात’ हे वाक्य प्रत्येक गाइडमध्ये असतं. मला त्याचा राग येतो, कारण ते खरं असूनही कुणी दाखवून देत नाही. तू दाखव. आठ मात्रांचा गट दोन तऱ्हांनी फोडता येतो. ‘मुकुंद-वाडी’ म्हणजे चार आणि चार, समतोल. ‘आज उन्हाळा’ म्हणजे तीन आणि पाच, लंगडी घालत उडी मारणारा. दोन्ही आळीपाळीनं म्हणून बघ, अंगात फरक जाणवेल. आता कवितेचं ध्रुवपद उघड आणि टाळीपासूनचे दोन्ही गट मोज. दोन्ही तीन-पाच, तीन-पाच आहेत. दौड तिथे आहे. आणि तलवार म्यानातून बाहेर येते त्या ओळीत पहिला गट चार-चार आहे, आणि दुसरा सबंध गट एकाच लांब शब्दानं भरलाय. तिथे दौड नाही, एक सलग ओढ आहे. वृत्त तेच, चाल वेगळी. हे ध्यानात आलं ना की कविता आवडायलाच लागते, माझं तर हात थांबवून पुन्हा पुन्हा ती ओळ म्हणणं चालू असतं.

आणखी एक. ध्रुवपदाचा शेवटचा शब्द चार मात्रांच्या जागी येतो, पण त्याच्या मात्रा तीनच. उरलेली एक मात्रा आपण थांबतो. प्रत्येक वेळी ‘सात’ हा आकडा उच्चारला की क्षणभर गप्प व्हावं लागतं. ही सोय वृत्तानंच करून ठेवलीय.

नावाची काळजी करतेस ना? आठाच्या गटांना ‘पद्मावर्तनी’ म्हणतात, पाचाच्या ‘अग्न्यावर्तनी’, सहाच्या ‘भृंगावर्तनी’, साताच्या ‘हरावर्तनी’. ही व्यवस्था माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’त सापडेल, आणि त्याच कामाबद्दल त्यांना मुंबई विद्यापीठानं डी.लिट. दिली. तू उत्तरात ‘पद्मावर्तनी मात्रावृत्त, आरंभी दोन मात्रा आवर्तनाबाहेर’ एवढं लिही. यापुढचं नाव पाठ नसेल तर आठवत बसून रात्र वाया घालवू नकोस. आणि कृपा करून या कवितेला पोवाडा म्हणू नकोस. पोवाडा वेगळा गं. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा घे, त्यात ओळी लांब-आखूड होतात, शाहीर मध्येच बोलून घेतो, डफ थांबतो, झीलकरी ‘जी जी’ करून ओळ भरून काढतात. तिथे माप गाणाऱ्याच्या गळ्यात असतं. इथे ते अक्षरांत बांधलेलं आहे. आवेश सारखा आहे म्हणून बांधणी सारखी होत नाही.

यमकाकडे वळू. रचना सोपी आहे. बहुतेक कडव्यांत पहिल्या तीन ओळी आपसात जुळतात आणि चौथी ओळ त्यांना सोडून ध्रुवपदाच्या यमकाला, त्या ‘-आत’ला, जाऊन मिळते. रात, पात, असे शब्द. पुढचं लिहायला विसरू नकोस. प्रत्येक कडवं कुठेही भरकटलं, पत्रात गेलं, चेहऱ्यावर गेलं, शत्रूच्या छावणीत गेलं, तरी चौथ्या ओळीला त्याला त्याच आवाजाकडे यावंच लागतं. शेवट काय होणार हे यमकानं पहिल्यापासून ठरवून ठेवलंय. तरीही आपण वाचत जातो.

तीन ओळींच्या यमकांचा आवाजही ऐक. पत्र वाचून प्रतापरावांचा चेहरा बदलतो त्या कडव्यात यमकं आहेत ओठ, गाठ, काठ. तिन्हींच्या शेवटी ‘ठ’. तो जीभ टाळूला लावून, हवा कोंडून काढावा लागतो. दात दाबून धरलेल्या माणसाचं वर्णन करताना आपलंही तोंड तसंच होतं. आणि नंतर, जेव्हा सगळं संपलेलं असतं, तेव्हा यमकं येतात टाचा, रक्ताचा, मातीचा. शेवटी मोकळा ‘आ’, तोंड उघडं राहतं. हे कवीनं मुद्दाम केलं का, असं तू विचारशील. मला वाटतं असा प्रश्न उत्तरात काढूच नये. कानाला जे होतं ते होतं, ते तू नोंदव. मध्ये एका ठिकाणी ओळीच्या आतही यमक आहे, ‘थेट’ला लागून ‘भेट’ येतो तिथे खूण कर. छावणीत शिरतानाचा तो क्षण आहे, दोन शब्द एकमेकांवर आदळतात.

पुनरावृत्तीचा भाग मी शेवटी ठेवलाय, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे. पेन्सिल घे. ध्रुवपद बाजूला ठेव आणि फक्त कडव्यांत ‘सात’ हा आकडा कुठे येतो तिथे गोल कर. सुरुवातीच्या कडव्यांत, पत्रात आणि रागात, तो नाहीच. प्रतापराव एकटे निघतात. मग सहा सरदार उठतात, तिथे आकडा आहे सहा. त्याच कडव्याच्या चौथ्या ओळीत धूळ उडते आणि पहिल्यांदा आकडा होतो सात. मुखानं कुणी सांगत नाही की एक अधिक सहा, बेरीज आपणच करतो. त्यानंतर सात माना, सात उल्का, सात जीव, सात पक्षी. दर कडव्यात, एकदा नाहीतर दोनदा. हजारोंच्या गर्दीत ते हरवू नयेत म्हणून कवी त्यांना पुन्हा पुन्हा मोजत राहतो, असं मला दर वेळी वाटतं.

रणाच्या त्या कडव्यात ‘आग’ हा शब्द एकाच ओळीत तीनदा आलाय. टाळी देऊन बघ. पहिली आग गटाच्या मधेच येते, दुसरी नेमकी टाळीवर, तिसरी तिला चिकटून. आधी दूर, मग दोन पाठोपाठ. वेढा आवळत जातो तो अर्थाच्या आधी तालात आवळतो.

आणि मग शेवटचं कडवं. गोल करायला गेलीस तर पेन्सिल हवेतच राहील. आकडा नाही! माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर ‘सात’ गेला. त्याच्या जागी दुसरा शब्द तीन ओळींत तीनदा येतो, ‘अजुनि’. मात्रा मोजल्यास तर अंगावर काटा येईल, कारण तिन्ही ओळींत तो शब्द नेमका दुसऱ्या टाळीवर पडतो. दगडावरच्या खुणा, ओढ्यातला रंग, क्षितिजावरची धूळ, आणि प्रत्येकाच्या मध्यावर, त्याच ठोक्याला, ‘अजुनि’. आधी धुळीचे मेघ सात होते, आता मेघ एकच आहे आणि त्याला संख्या नाही. चौथ्या ओळीत ‘अजुनि’ जाऊन त्याच अर्थाचा ‘अद्याप’ येतो, तोही टाळी सोडून ओळीच्या अगदी तोंडाशी. म्हणजे ज्या ठोक्याची आपल्याला सवय लागली होती तिथे तो मिळत नाही. शेवटी राहतं ते फक्त यमक, ‘गात’. आकडा गेला, त्याचा आवाज राहिला. माझ्या मते सगळ्या कवितेचं मर्म या एका जागेत आहे, आणि ते वृत्त, यमक, पुनरावृत्ती या तिन्हींनी मिळून सांभाळलंय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे गं.

तुलनेसाठी एक परकी कविता जोडायची असेल तर टेनिसनची ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ घे. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लाव्हाला इंग्रजांच्या घोडदळानं तोफांवर चाल केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात कविता छापून आली. तिथेही कडव्यांच्या शेवटी आकडा घुमत राहतो, सहाशेचा. पण टेनिसन तो अगदी शेवटच्या ओळीपर्यंत नेतो आणि त्या सहाशेंचा मान राखायला सांगतो. कुसुमाग्रज शेवटच्या कडव्यात आकडा सोडून देतात आणि कुणाला काही करायला सांगत नाहीत. दोन्ही कविता मोठ्या आहेत, मला मात्र आपली जास्त लागते. तुला टेनिसन जास्त भावला तर तसं लिही, कारण देता आलं पाहिजे एवढंच.

आता तुझ्या घरचं बघू. पाणी यायच्या दिवशी अभ्यासाचं नाव काढायचं नाही. टाक्या, पिंपं, बादल्या भरण्यातच तो दिवस जातो, आणि आपल्या शहरात तो दिवस चुकवून चालत नाही. त्यामुळे ‘आज काहीच झालं नाही’ म्हणून रडायचंही नाही. पहिल्या रात्री फक्त मोज. दुसऱ्या रात्री यमकं वहीत उभी लिहून काढ, एकाखाली एक, म्हणजे ‘ठ’ची रांग आपोआप दिसेल. पेन्सिलीचे गोल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना कर. लिहायला बसशील ते त्यानंतर, आणि लिहिताना ‘कवीने सुंदर वृत्त वापरले आहे’ असलं एकही वाक्य मला दिसायला नको. ‘या ओळीत असं होतं आणि त्यामुळे मला असं ऐकू येतं’, असं लिही. दहावीला रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन कप्पे करायची सवय लागलीय आपल्याला. इथे ते कप्पे मोड. मात्रा सांगताना अर्थ आला तर येऊ दे.

एक ओळ तरी मात्रा मांडून दाखव, वर आकडे लिहून आणि टाळ्यांच्या जागी उभ्या रेघा ओढून. ती चुकण्याची तुला भीती वाटते, म्हणून ती शेवटच्या कडव्यातलीच घे. तिथले ‘अजुनि’ तुला सावरून घेतील, दुसरी रेघ त्या शब्दाच्या आधी पडली नाही तर समज की कुठेतरी एखादं ऱ्हस्व दीर्घ धरलं गेलंय. तेवढा कागद फोटो काढून मला पाठव. दहानंतर पाठवलास तरी चालेल, मी जागी असते.